बांधलेलें सुकाणूं

एकटा मनुष्य लहानशा शिडाच्या नावेंतून महासागर ओलांडूं लागला, तर त्याच्यापुढें पहिला प्रश्न वादळाचा नसून झोंपेचा असतो. सुकाणूं धरणारा हात एकच, आणि त्या हाताच्या धन्याला झोंपेवांचून गत्यंतर नाहीं. मग तो निजला असतां नाव कोण चालवितो, आणि ती भलतीकडे गेल्यास दोष कोणाचा?

अमेरिकेंतील बोस्टन बंदरांतून १८९५ सालीं निघून १८९८ सालीं एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारा पहिला नाविक जोशुआ स्लोकम होय. १८९७ सालीं ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील थर्स्डे बेटापासून हिंदी महासागरांतील कीलिंग बेटांपर्यंतचा सुमारें २७०० मैलांचा पल्ला त्याच्या 'स्प्रे' नावेनें २३ दिवसांत गांठला. त्यांत आपण एकंदर तीन तासांहून अधिक सुकाणूंपाशीं बसलों नाहीं, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. शिडें बेतानें ताणून सुकाणूं दोरानें बांधलें, कीं नाव मार्ग सोडूं लागतांच शिडांवरील वाऱ्याचा दाब बदलतो, आणि सुकाणूंच्या साहाय्यानें ती पुनः मूळ दिशेवर येते.

म्हणजे नाव त्यानें चालविलीच नाहीं, असें म्हणावयाचें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. निजण्यापूर्वीं त्यानें जी योजना केली, तींतच त्याचें कर्तृत्व होतें. आपलें नित्याचें वर्तनही असेंच चालतें. खरें बोलावें कीं नाहीं, याचा विचार सज्जन मनुष्य वाक्यावाक्यागणिक करीत बसत नाहीं; संवयीनें बांधलेलें सुकाणूं त्याला नेत असतें.

परंतु येथेंच एक मेख आहे. बांधलेलें सुकाणूं नावेचा वाऱ्याशीं असलेला कोन राखतें. बंदर कोठें आहे, हें त्याला ठाऊक नसतें. वारा हळूहळू फिरला, कीं नावही त्याच्याबरोबर फिरते, आणि निजलेल्याला कित्येकदां त्याची दादही लागत नाहीं. स्लोकमला त्या टापूंतील व्यापारी वाऱ्यांची अखंड साथ होती. संसारांतले वारे इतके एकनिष्ठ नसतात. गरिबींत जडलेली काटकसर सुस्थितींतही तशीच चालूं राहिली, तर घरांतल्या आजाऱ्याच्या औषधावरही हात आंखडतो. आणि कर्ता पुरुष मात्र समजतो, कीं आपण पूर्वींच्याच मार्गानें चाललों आहों.

म्हणून आमच्या मतें, निजणें हा एकट्या नाविकाचा दोष नव्हे. जाग आल्यावर होकायंत्र न पाहणें हा दोष होय. चांगल्या संवयी लावून घेतल्यानें मनुष्याची जबाबदारी संपत नाहीं. वारा अजून तोच आहे काय, एवढें पाहण्यापुरतें तरी त्यानें मधून मधून उठलेंच पाहिजे. कारण त्याच्यासाठीं तें पाहणारें नावेंत दुसरें कोणी नसतें.