शब्द दुसऱ्याचे, गाणे आपले

प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातले ‘तूच सुखकर्ता’ हे गणेशगीत ठाऊक नाही असा माणूस आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरात सापडणे अवघड. ते हरेंद्र जाधवांनी लिहिले आणि चाल मधुकर पाठकांची, हे सांगणारा मात्र शोधावा लागतो. ‘प्रल्हाद शिंद्यांचं गाणं’ एवढेच लोक म्हणतात. त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे, आणि मला त्या खऱ्या निम्म्याचेच कुतूहल वाटत आले आहे. ज्याने शब्द लिहिले नाहीत, चाल बांधली नाही, त्याच्या नावावर गाणे चढते कसे?

प्रल्हाद शिंदे भीमगीते गायले, कव्वाल्या गायले, गणपतीची आणि पंढरीच्या वाटेची गाणी गायले. कवी वेगळे, भक्ती वेगळी, ऐकणारी माणसे वेगळी. पण कुठल्याही गाण्यात तो खडा, वरच्या पट्टीतला, किंचित दाणेदार आवाज लागला की गाणारा कोण हे सांगावे लागत नाही. कव्वालीने त्यांना लांबपर्यंत शब्द पोचवायला शिकवले होते. त्यामुळे देवाची आळवणीही ते गाभाऱ्यात उभे राहून करत नाहीत, भरल्या मैदानात करतात. त्यांच्या भक्तिगीतांतला भक्त संत नाही. तो कष्टाने वाकलेला, संसाराने पिचलेला माणूस आहे. देवापुढे तो हात जोडतो आणि त्याच दमात आपली तक्रारही मांडतो. हा माणूस कागदावर अर्धाच होता, बाकीचा गळ्यातून आला. आमच्यासारख्या कोरडवाहू मुलखात ती गाणी घरोघर गेली, त्याचे कारण मला हेच वाटते.

दुसऱ्याचे शब्द गाणाऱ्याचे होतात कसे, याच प्रश्नावर अमेरिकेत एका गायिकेची कसोटी लागली. लिंडा रॉनस्टॅड, १९४६ साली ॲरिझोनातल्या टूसॉन गावी जन्मलेली, कंट्री आणि रॉक यांच्या सीमेवर गाणारी. डिसेंबर १९७६ मध्ये तिच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह निघाला. बारा गाणी, आणि त्यांतले एकही तिने लिहिलेले नाही. एकट्या अमेरिकेत तो सत्तर लाख प्रतींच्या घरात गेला. बॉब डिलन आणि बीटल्स यांच्यानंतर तिकडे जो स्वतः लिहितो तोच खरा कलावंत, अशी समजूत रुजली होती. लिंडा मात्र नील यंगचे, बडी हॉलीने गायलेले, ईगल्सचे, स्मोकी रॉबिन्सनचे गाणे उचलायची आणि तिच्यानंतर ते ऐकणाऱ्याला पहिला गायक आठवेनासा व्हायचा.

त्या संग्रहातले १९६७ सालचे एक गाणे मला फार महत्त्वाचे वाटते. मायकल नेस्मिथ या पुरुषाने ते पुरुषाच्या तोंडी लिहिले होते: मी बांधून घेणारा नाही, तू मला अडकवू नकोस. लिंडाने मुलीच्या जागी मुलगा घातला, बाकी गाणे जवळजवळ तसेच ठेवले. पण आता बांधून घ्यायला नकार देणारी एक तरुण मुलगी होती. ओळी त्याच राहिल्या आणि त्यांचे धाडस कितीतरी पटींनी वाढले.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. ज्ञानेश्वरांनी तेराव्या शतकात विरहिणी लिहिल्या, पुरुषाने स्त्रीच्या तोंडून. कीर्तनात मुख्यतः पुरुषांनीच त्या आळवल्या. पुढे हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींवर लताबाईंनी त्या गायल्या, तेव्हा ते बोलणे स्त्रीच्या गळ्यात आले. लताबाई तिथे आर्ततेचे प्रदर्शन करत नाहीत, स्वर जेमतेम मोकळा सोडतात, आणि म्हणूनच विरह असह्य होतो. त्या संयमाला मी निर्मितीच म्हणतो.

आमच्या भागात तर हे आणखी जवळून दिसते. नामदेवांची नर्सी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. त्यांचा मराठी अभंग हिमायतनगरच्या भजनी मंडळात टाळ-पखवाजावर उभा राहतो. त्यांचीच हिंदी वळणाची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत, तिथे प्रत्येक पदावर राग नेमून दिलेला आहे आणि नांदेडच्या हुजूर साहिबात शबद-कीर्तन करणारे रागी त्या परंपरेने गातात. शिवाय भीमसेन जोशी. जन्म गदगचा, घरची भाषा कन्नड, आणि राम फाटकांच्या चालीवर नामदेवांचा विठ्ठल त्यांनी असा गायला की पुढच्या पिढ्यांना तो अभंग दुसऱ्या कुणाच्या आवाजात ऐकूच येईना. एका शिंप्याच्या शब्दांना सहा-सातशे वर्षांनी इतके वारस मिळाले, कारण प्रत्येकाने ते आपल्या श्वासाने म्हटले.

आपल्याकडे गायकाने स्वतः लिहिलेच पाहिजे असा आग्रह कधी नव्हता. बंदिश सदारंगाची असली तरी मैफल गाणाऱ्याचीच मानली गेली. हे शहाणपण जपावे. पण सध्या ऑर्केस्ट्रात आणि दूरचित्रवाणीच्या स्पर्धांत तरुण गायक प्रल्हाद शिंद्यांची हरकत न् हरकत उचलून टाळ्या घेतात, त्याने मला वाईट वाटते. गळ्यात कसब असलेली ही पोरे स्वतःचा श्वास कुठे पडतो हे शोधतच नाहीत. नक्कल बिनचूक असते, पण गाणे जिथे होते तिथेच राहते.

आणि आपली एक मोठी चूक आहे. कॅसेटच्या काळात आमच्याकडे दुकानदाराला यादी दिली की तो कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचा. वर गायकाचे नाव आणि ‘हिट्स’ एवढाच शब्द. पुढे सीडी आली, पेन ड्राइव्ह आला, आता मोबाइल आहे, पण लेबल तेच राहिले. दत्ता पाटील, हरेंद्र जाधव यांच्यासारखे गीतकार, मधुकर पाठकांसारखे संगीतकार त्यात बुडाले. लिंडाच्या तबकडीवर प्रत्येक गाण्याशेजारी लिहिणाऱ्याचे नाव छापलेले होते, आणि त्याने तिचे मोठेपण तसूभरही कमी झाले नाही. उलट मूळ कोणाचे हे कळल्यावरच तिने त्यात काय घातले ते मोजता येते.

कवीची वही मागे राहते. दुसऱ्याचे शब्द गाणाऱ्याजवळ गळा सोडून काही नसते. लिंडाने २०१३ साली आजारामुळे आता गाता येत नाही असे जाहीर केले. प्रल्हाद शिंदे २००४ साली गेले. अशा गायकाच्या निवडक गाण्यांचा संग्रह हाच त्याचा ग्रंथ, आणि ग्रंथासारखाच तो नीट संपादून, नावे-सालांसह निघायला हवा. मराठवाड्यातल्या विद्यापीठांच्या संगीत आणि मराठी विभागांनी हे काम हाती घ्यावे. तोवर महाशिवरात्रीला आमच्या परमेश्वर मंदिराच्या यात्रेत, भीमजयंतीला किंवा गणपतीत माईक हातात घेणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: गाणे सुरू करण्याआधी कवीचे आणि चाल बांधणाऱ्याचे नाव घ्या, मग गायकाचे घ्या, आणि मग आपल्या आवाजात गा.