खेळातील ‘आम्ही’ आणि ‘आपण’

मनुष्यास स्वतःच्या पराक्रमाचा अभिमान वाटावा, हे स्वाभाविक आहे. पूर्वजांच्या पराक्रमाचा वाटावा, हेही समजू शकते. परंतु ज्या पराक्रमात आपण बोटही हलविले नाही, तो ज्यांनी केला त्यांच्याशी आपले नाते नाही की ओळखही नाही, त्याविषयी ‘आम्ही जिंकलो’ असे सहज म्हणणारा गृहस्थ पाहिला म्हणजे विचारी मनुष्यास क्षणभर थांबावेसे वाटते. क्रीडाप्रेमी मंडळींच्या बैठकीत हे वाक्य घडोघडी ऐकू येते. ‘त्या साली आम्ही त्यांच्याच मैदानावर जाऊन त्यांना हरविले’ असे अभिमानाने सांगणारा मनुष्य बहुधा त्या मैदानावर गेलेलाच नसतो. पुष्कळदा तो त्या साली जन्मलेलाही नसतो. मग हा ‘आम्ही’ कोण? आणि तो शब्द उच्चारण्याचा त्यास अधिकार काय?

कोणी म्हणेल की, हा रिकामपणचा प्रश्न आहे. आम्हांस तसे वाटत नाही. हाच शब्द मनुष्य आपल्या जातीविषयी, प्रांताविषयी, धर्माविषयी आणि राष्ट्राविषयी योजतो, आणि तेथे त्याच्या पोटी केवढे बरे-वाईट निपजते हे वाचकांस सांगावयास नको. खेळाच्या मैदानावर त्याचे स्वरूप काहीसे उघडे पडते. म्हणून तेथे त्याची परीक्षा करणे सोयीचे जाते.

या परीक्षेस आमचे नाशिक हे एका परीने फार योग्य स्थळ आहे. रणजी करंडकाच्या सामन्यांत आपल्या एका राज्यातून तीन संघ उतरतात: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. नाशिक जिल्हा मोडतो महाराष्ट्राच्या संघात. त्या संघाचे सामने आमच्या गोल्फ क्लबच्या, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या नावाच्या, मैदानावर झालेले आहेत. परंतु पोटापाण्यासाठी नाशिककराचे तोंड बहुधा मुंबईकडे असते. पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेस गाठावयाची आणि रात्री परत यावयाचे, यात कित्येकांची उमर गेली. त्यामुळे एकाच घरात थोरले काका मुंबईचे आणि धाकटे काका महाराष्ट्राचे, असा प्रकार येथे दुर्मिळ नाही. अशा घरात जुन्या सामन्यांच्या गोष्टी निघाल्या की, वाद रंगावयास वेळ लागत नाही. आणि वादाची गाडी हटकून मार्च १९४९ च्या पुण्यातील सामन्यापाशी येऊन थांबते.

तो सामना होताही तसाच. रणजी करंडकाची उपान्त्य फेरी, मुंबईचा संघ पाहुणा आणि महाराष्ट्राचा संघ यजमान. मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा केल्या. महाराष्ट्राने ४०७ धावांचे उत्तर दिले. मुंबईने पुन्हा फलंदाजी करून ८ बाद ७१४ वर डाव सोडला. महाराष्ट्रास जिंकण्यासाठी ९५९ धावा हव्या होत्या! तो संघ ६०४ पर्यंत जाऊन पोचला आणि ३५४ धावांनी हरला. मुंबईच्या उदय मर्चंट व दत्तू फडकर यांनी आणि महाराष्ट्राच्या मधुसूदन रेगे यांनी दोन्ही डावांत शतके काढली. सामन्यात एकंदर ९ शतके झाली आणि दोन्ही संघांच्या मिळून २३७६ धावा. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात याहून अधिक धावा जगात कोठेही झालेल्या नाहीत.

या सामन्यात मुंबईतर्फे माधव मंत्री यांनी २०० धावा केल्या. मंत्र्यांचा जन्म १९२१ साली झाला तो नाशिकास! आता नाशिकच्या महाराष्ट्राभिमानी मनुष्याने काय म्हणावे? ‘आमच्या मंत्र्यांनी द्विशतक केले’ म्हणावे, की ‘त्यांच्या मंत्र्यांनी आमची धूळधाण केली’ म्हणावे? आम्ही एकाच गृहस्थाच्या तोंडून, एकाच संध्याकाळी, ही दोन्ही वाक्ये ऐकली आहेत; आणि त्यांस त्यात काही विसंगत वाटले असे दिसले नाही. या विसंगतीस हसणे सोपे आहे. परंतु तिच्यावरून एक गोष्ट निःसंशय ठरते, ती ही की, खेळातील ‘आम्ही’ ही नकाशावर आखलेली सीमा नव्हे. ते मनाने पत्करलेले एक नाते आहे, आणि मन एका वेळी दोन नाती पत्करू शकते.

तथापि, पत्करलेले नाते खरे की खोटे, हा प्रश्न उरतोच. बुद्धिवादी म्हणेल, ‘प्रेक्षकाने एकही धाव काढली नाही, तेव्हा त्याने “आम्ही जिंकलो” म्हणणे ही उसनवारी आहे, नव्हे, चोरी आहे.’ ‘आम्ही’ या शब्दाने श्रेयावर हक्क सांगितला जात असता, तर हा आक्षेप निरुत्तर करणारा होता. आमच्या मते त्या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तो उच्चारणारा मनुष्य श्रेय मागत नाही. तो आपले सुखदुःख दुसऱ्याच्या हाती सोपवितो. लग्नकार्यात मुलीकडच्या माणसांचा जीव जसा विनाकारण वरखाली होतो, तसाच हा प्रकार. म्हणून या ‘आम्ही’ची कसोटी विजयाच्या दिवशी लागत नाही, ती पराभवाच्या दिवशी लागते. जिंकल्यावर ‘आम्ही जिंकलो’ आणि हरल्यावर ‘ते हरले’ असे जो म्हणतो, तोच खरा उसनवार. उलट, सामन्यात १०११ धावा करूनही ‘आम्ही हरलो’ असे जो आज पाऊणशे वर्षांनंतरही सांगतो, त्याने त्या शब्दाची किंमत चुकती केली आहे. त्याचा अधिकार आम्ही मान्य करतो.

परंतु एवढ्याने प्रश्न मिटत नाही; कारण खरे प्रेमदेखील कडू होऊ शकते. मुंबईत १९१२ पासून चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी सामने होत, ते धर्मावर उभारलेल्या संघांचे. त्या वेळचे प्रेक्षक ‘आम्ही’ म्हणत ते कोणत्या अर्थाने, हे उघड आहे. डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी अशा सामन्यांविरुद्ध आपले मत दिले, आणि १९४६ नंतर ते सामने बंद पडले. त्याच ‘आम्ही’च्या पोटात आणखी एक लबाडी दडलेली होती. पळवणकर बाळू हे आपल्या काळातील थोर गोलंदाज. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभरांहून अधिक बळी घेतले. चांभार जातीत जन्मलेल्या या खेळाडूच्या हातून सुटलेल्या चेंडूवर हिंदूंचा जय अवलंबून असे. पण पुण्याच्या मैदानावर चहाच्या वेळी त्यांस मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. हिंदू संघाचे नेतृत्व त्यांस कधीच लाभले नाही. ते १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांस मिळाले. बळी मिळेपर्यंत ‘आम्ही’ आणि चहाच्या वेळी ‘तो’! आणि केवळ धर्मामुळे किंवा जातीमुळेच असे होते असेही नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्यास ईडन गार्डन्सवर मोहन बागान व ईस्ट बंगाल या एकाच नगरातील दोन फुटबॉल संघांचा सामना चालू असता प्रेक्षकांत दंगल उसळली आणि १६ माणसे प्राणांस मुकली. ती सर्व खेळ पाहावयास आलेली होती.

मग हे प्रेम ठेवावे आणि त्यातील विष काढावे, याला उपाय कोणता? आमच्या मते उपाय स्मरणाच्या रीतीत आहे. त्याच हंगामातील आणखी एक प्रसंग पाहावा. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यातच काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर पोचले होते. डॉन ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ या तेव्हाच्या जागतिक विक्रमास अवघ्या नऊ धावा कमी होत्या. मध्यंतरानंतर प्रतिपक्षाने पुन्हा मैदानात उतरण्याचे नाकारले, सामना सोडून दिला, आणि तो विक्रम तेथेच राहिला. निंबाळकरांस पुढे एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. महाराष्ट्राचे अभिमानी ही गोष्ट आजही काठेवाडवरील रागाने सांगतात. आम्हांस तिच्यात रागाहून महत्त्वाचे असे एक सत्य दिसते. फलंदाज कितीही थोर असो, समोर चेंडू टाकणारा उभा नसेल तर त्यास एक धावही काढता येत नाही. आपला पराक्रम आपल्या हाती असतो, असे आपण समजतो. वस्तुतः तो प्रतिस्पर्ध्याच्या टिकून राहण्यावर अवलंबून असतो. काठेवाड निघून गेले, आणि निंबाळकरांची बॅट तेथेच थांबली. तीन महिन्यांनी महाराष्ट्रापुढे ९५९ धावांचा डोंगर उभा राहिला तेव्हा त्या संघासही आशा फारशी नसावी. तरी तो खेळत राहिला. आणि खेळत राहिला म्हणूनच २३७६ हा आकडा घडला. त्यातील १३६५ धावा मुंबईच्या आणि १०११ महाराष्ट्राच्या. हा विक्रम कोणाचा? एकट्या मुंबईचा म्हणता येत नाही, एकट्या महाराष्ट्राचाही म्हणता येत नाही. तो दोघांनी मिळून केला, आणि तोही एकमेकांस हरविण्याची शिकस्त करीत असता केला.

आमच्या मराठी भाषेने येथे एक मोठी सोय करून ठेविली आहे. इंग्रजी भाषेस जेथे एकाच शब्दावर भागवावे लागते, तेथे आपणांजवळ दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. सामना चालू असता ‘आम्ही’ हा शब्द योग्यच आहे. पक्षच नसेल तर खेळात रस कोठून येणार? दोन्ही बाजूंस सारखाच प्रसन्न असणारा प्रेक्षक फार न्यायी असेल, पण त्याच्या न्यायीपणात ऊब नसते. परंतु सामना संपला, वर्षे लोटली, खेळणारे एकेक करून काळाच्या पडद्याआड गेले, की त्याच गोष्टीस ‘आपण’ हा शब्द अधिक शोभतो. ‘आम्ही हरलो’ येथून ‘आपण केवढा सामना खेळलो’ येथपर्यंत ज्याचे स्मरण येऊन पोचले, त्याचा अभिमान निर्विष झाला. माधव मंत्री कोणाचे, या वादासही मग फारसे कारण राहत नाही.

हे साधावयास मोठे तत्त्वज्ञान लागत नाही. घरातील मुलांस जुन्या सामन्याची गोष्ट सांगताना वडील मंडळींनी दोन्ही बाजूंचा धावफलक सांगावा, एवढे पुरे आहे. आपल्या फलंदाजांची नावे जशी तोंडपाठ असतात, तशी ज्यांनी आपणांस हरविले त्यांचीही असावीत. ज्या मुलास मर्चंट आणि फडकर यांच्याबरोबर रेगे यांचीही शतके ठाऊक आहेत, तो उद्या मोठेपणी इतर बाबतींत ‘आम्ही’ म्हणू लागेल, तेव्हा समोरच्या मनुष्यास मंडपाबाहेर उभा करण्यापूर्वी थोडा विचार करील, अशी आशा करण्यास जागा आहे.