कोर्टाची पायरी

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आमच्या खारेपाटात लहानथोर सगळे म्हणतात. आणि म्हणणारा प्रत्येक जण कधी ना कधी ती चढलेला असतो. तारखेच्या दिवशी पेणच्या नाहीतर अलिबागच्या एसटीत बसलं की ओळखीचं कोणी ना कोणी भेटतंच. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा. कुणाचा बांधाचा वाद, कुणाचा वाटपाचा, तर कुणाच्या बहिणीनं हक्कसोड करून दिलेला नाही म्हणून. आमच्याकडं भात पिकतं तसे दावेही पिकतात.

ज्याच्या खुर्चीसमोर आपण हात जोडून बसतो तो वकील घडतो कसा, याचा विचार आपण शेतकरी माणसं सहसा करत नाही. मला तो करावा लागला तो नातीमुळं. थोरल्या मुलीची मुलगी, रोह्याची. बाप धाटावच्या एमआयडीसीत कामाला. पोरीनं बारावीला असतानाच ठरवलं, वकील व्हायचं. रोह्याच्या घरी जागा अपुरी, म्हणून परीक्षेच्या आधी ती दोन महिने आमच्याकडं पेणजवळच्या गावी राहायला आली. मी दहावीपर्यंत शिकलेला. मला वाटलं, ही कलमं पाठ करत बसणार. पण तसं काही नव्हतं.

ही परीक्षा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पूर्वी आपल्या राज्यात लॉ कॉलेजला मार्कांवर प्रवेश मिळायचा. २०१६ पासून राज्याची सीईटी आली. कॉम्प्युटरवर द्यायची. आता दोन तासांत १२० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. कायद्याची जाण, सामान्य ज्ञान, तर्क, इंग्रजी आणि थोडं गणित. इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्न मराठीतही मिळतात. दुसरी परीक्षा क्लॅट. ती देशभरातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांची. तिथं सगळं इंग्रजीत, आणि उत्तर चुकलं की पाव मार्क कापतात. सीईटीत चुकल्याचे मार्क कापत नाहीत. पुढं पाच वर्षं शिकून पदवी घ्यायची, आणि कायमची वकिली करायची तर बार कौन्सिलची आणखी एक परीक्षा द्यायची. ती २०११ पासून सुरू आहे.

संध्याकाळी गुरांचं आटपलं की मी प्रश्न वाचायचो आणि ती घड्याळ लावून उत्तर द्यायची. त्यात एक प्रकार असतो. आधी एक तत्त्व दिलेलं असतं, मग एक घटना. ते तत्त्व त्या घटनेला लावून उत्तर सांगायचं. एक प्रश्न असा होता. तत्त्व: दुसऱ्याच्या जमिनीत त्याच्या परवानगीशिवाय जाणं म्हणजे अतिक्रमण. घटना: शेजाऱ्याच्या वाडीत पाणी भरलं, त्यात वासरू बुडायला लागलं. एक माणूस कुंपण ओलांडून आत गेला आणि वासरू बाहेर काढलं. अतिक्रमण झालं की नाही?

नात म्हणाली, "नाही झालं." मीही तेच म्हटलं असतं. मागं उत्तर बघितलं तर, झालं.

"हे कसलं उत्तर?" मी म्हटलं. "वासरू मरू द्यायचं काय?"

ती हसली. म्हणाली, "आजोबा, खऱ्या कायद्यात अशा वेळचा बचाव आहे. पण इथं तो दिलेला नाही ना. जे दिलंय तेवढंच धरायचं. आपल्या मनाला काय बरोबर वाटतं ते मध्ये आणायचं नाही. क्लासवाले तेच सांगतात."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. ज्या पोरीला उद्या लोकांना न्याय मिळवून द्यायचाय, तिला पहिल्याच दिवशी शिकवायचं काय, तर स्वतःचं मन बाजूला ठेव. ही तयारी माणूस घडवणारी की बिघडवणारी? लावणीच्या दिवसांत वाकून आवण लावताना डोकं मोकळं असतं. तेव्हा मी यावर पुष्कळ विचार केला.

आधी गावाकडं बघू. आमच्याकडं भांडणं पंचांपुढं सुटायची, अजूनही काही सुटतात. तिथं लिहिलेलं तत्त्व नसतं. पंचांच्या मनाला पटेल तो निकाल. ऐकायला हे फार गोड वाटतं. माणसाच्या मनानं दिलेला न्याय! पण पंचांच्या बैठकीत जो बसलाय त्याला माहीत असतं की मन कुणाकडं झुकतं. ज्याची भावकी मोठी त्याच्याकडं झुकतं. ज्याच्याकडून लग्नाला पैसे घेतलेत त्याच्याकडं झुकतं. विधवा बाई बांधासाठी भांडायला उभी राहिली तर चार जणांच्या मनाला पटतं की बाईमाणसाला कशाला हवी जमीन. त्यांच्या मनाला ते खरोखरच पटलेलं असतं, ते खोटं बोलत नसतात. अडचण तीच आहे. मन मलाच आहे असं नाही. जो मला लुबाडतो त्यालाही मन आहे, आणि त्याचं त्याला सांगतं की तू बरोबर आहेस.

अशा वेळी लिहिलेलं तत्त्व कामाला येतं. ते माझं तोंड बघत नाही आणि त्याचंही बघत नाही.

आमच्या रायगड जिल्ह्यात याचं फार मोठं उदाहरण घडून गेलं आहे. महाडचं चवदार तळं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्याली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पुढचं कमी जणांना ठाऊक असतं. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला होता. हजारो लोक जमले. पण त्याआधीच विरोधातल्या मंडळींनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर. हुकूम अन्यायाचा आहे हे त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? तरी त्या वेळी तळ्यावर जायचं नाही, कोर्टात लढायचं, असं ठरलं. तो दावा जवळजवळ दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागला.

निकाल लागला कशावर, ते बघण्यासारखं आहे. शिवाशिव हे पाप आहे म्हणून नाही लागला. समोरच्यांचं म्हणणं होतं की या लोकांनी तळ्याचं पाणी घ्यायचं नाही ही पूर्वापारची वहिवाट आहे. आता वहिवाट कायद्यानं मानायची तर ती अनादी काळापासूनची आहे हे सिद्ध करावं लागतं. ते त्यांना सिद्ध करता आलं नाही. म्हणजे बघा, एक तत्त्व, एक घटना, आणि तत्त्व घटनेला बसतं का एवढाच प्रश्न. नातीच्या पुस्तकातल्यासारखाच. त्या काळात निकाल "मनाला पटेल तसा" द्यायचा असता, तर गावातल्या किती जणांच्या मनाला काय पटलं असतं ते सांगायला नको.

तेव्हा मन बाजूला ठेवायला शिकवतात त्यात तथ्य आहे. पण हे इथंच सोडलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. कारण तत्त्व दिलेलं असतं म्हणतात, ते देतो कोण?

अलिबाग तालुक्यात चरी नावाचं गाव आहे. तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांविरुद्ध संप केला. पुढारी होते नारायण नागू पाटील. कुळांनी जमीन कसायचंच बंद केलं. कुणी लाकडं तोडून विकली, कुणी मासळी धरली, अर्धपोटी राहिले, पण नांगर धरला नाही. खोताच्या हातात कागद होता, त्यावर कुळाचा अंगठा होता. आता परीक्षेतल्यासारखं सोडवायला बसा. तत्त्व: कबुलायतीप्रमाणं कुळानं खोताला भात द्यावं. घटना: कुळानं दिलं नाही. उत्तर एकच येतं. कूळ चुकलं, खोत बरोबर. पूर्ण मार्क!

चरीच्या माणसांनी उत्तर बदललं नाही, प्रश्नातलं तत्त्व बदला म्हणून ते बसले. आणि तत्त्व बदलायलाही कायदा जाणणारा माणूस लागला. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. पुढं १९३९ चा कूळकायदा आला, मग १९४८ चा, १९४९ च्या कायद्यानं खोती गेली. १ एप्रिल १९५७ ला कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानलं गेलं. आमच्या घरातला सातबारा त्याच पायरीनं आमच्या नावावर आला. त्याच्या आधी माझा आजा हेच भात पिकवायचा, फक्त ते त्याचं नव्हतं.

म्हणजे दोन कामं वेगळी आहेत. दिलेलं तत्त्व नीट, प्रामाणिकपणे लावणं हे एक. दिलेलं तत्त्वच बरोबर आहे का, हे विचारणं हे दुसरं. पहिलं ज्याला येत नाही तो दुसरं करायला गेला तर नुसती आरडाओरड होते. मी असे कळवळ्याचे वकील पाहिलेत की अशिलाच्या दुःखात इतके बुडाले की अपिलाची मुदत निघून गेली. आणि पहिलंच ज्याला येतं, दुसरं कधी सुचतच नाही, तो पैसे घेऊन खोताचाही वकील होतो आणि रात्री शांत झोपतो.

परीक्षेत पहिल्याच कामाचे मार्क आहेत. दुसऱ्याचे असू शकत नाहीत, कारण एका मिनिटात चार पर्यायांतून निवडायची ती गोष्ट नाही. परीक्षेला त्याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. मापानं भात मोजता येतं, भाताचा वास नाही मोजता येत. फक्त मापात जे आलं तेवढंच भात, असं समजू नये.

रोह्याचं नाव निघालं की चिंतामणराव देशमुखांचं नाव निघतं. वडील वकील, लहानपण रोह्यात गेलेलं. १९१८ साली लंडनला आयसीएसच्या परीक्षेत ते पहिले आले. त्या काळात त्याहून मोठी परीक्षा आपल्या माणसाला नव्हती. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, मग देशाचे अर्थमंत्री, आणि पुढं आमच्याच कुलाबा मतदारसंघातून निवडूनही गेले. आणि १९५६ साली, मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवायचं घाटत होतं तेव्हा, त्यांनी ते मंत्रिपद सोडलं. जन्मभर दिलेल्या चौकटीत चोख उत्तरं देणारा माणूस. एके दिवशी त्याला वाटलं, ही चौकट मला मान्य नाही. आयसीएसचा पहिला नंबर आज पुस्तकात वाचायला मिळतो. राजीनामा मात्र आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी होता.

आणखी एक बारीकशी गोष्ट मला या परीक्षेनं दाखवली. सीईटीत चुकल्याचे मार्क कापत नाहीत, म्हणून सगळे पोरांना सांगतात, एकही प्रश्न रिकामा सोडू नका, येत नसेल तरी कुठंतरी टिक मारा. परीक्षेपुरतं ते शहाणपणाचं आहे, नातही तेच करणार होती, करावंच. पण वकिलाच्या खुर्चीत बसल्यावर ही सवय मोडावी लागते. समोर शेतकरी पिशवी घेऊन बसलेला असतो. त्याला "दावा टाकू, बघू" असं सांगणं म्हणजे अंदाजानं टिक मारणंच. चुकलं तर वकिलाचे मार्क जात नाहीत, शेतकऱ्याची दहा वर्षं जातात. "हे मला माहीत नाही, वाचून सांगतो" असं म्हणणारा वकील आमच्याकडं देवासारखा. "यात दम नाही, घरी जा, भावाशी बोला" असं म्हणणारा तर त्याहून मोठा. त्याची फी बुडते हो.

कोणी म्हणेल, खेड्यातल्या पोरांना एवढं शिकवून काय करता, आधी सीट तर मिळू दे. खरं आहे. क्लासची फी, इंग्रजी, पनवेल-नवी मुंबईकडचं परीक्षा केंद्र, पहाटेची गाडी, हे सगळं पार करून आमची पोरं त्या कॉम्प्युटरपुढं बसतात. मुंबईच्या पोराला जे घरबसल्या मिळतं त्यासाठी यांना दिवस मोडावा लागतो. पण एक गोष्ट आमच्या पोरांकडं आहे. सातबारा म्हणजे काय, बांध सरकला की घरात काय होतं, तारखेला गेलेला बाप संध्याकाळी कुठल्या तोंडानं परत येतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. ते विसरलं नाही तर दुसऱ्या कामाची तयारी त्यांची आधीच झालेली आहे.

म्हणून परीक्षेला निघालेल्या पोरापोरींना मी एवढंच सांगतो. हॉलमध्ये बसाल तेव्हा दिलेलं तत्त्व धरा. वासरू बुडू दे म्हणणारं उत्तर असेल तर त्यालाच टिक मारा, मार्क घ्या, मागं राहू नका. ते पाप नाही. पण त्या उत्तरापाशी मनात जे टोचलं, ते पुसून टाकू नका. एका वहीत लिहून ठेवा. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी काळा कोट घालून कोर्टाची पायरी चढताना ती वही काढून वाचा. बघा, अजून टोचतंय का.