समेच्या आधी

अनंत चतुर्दशीला नाशकात वाकडी बारवेपासून निघालेली मिरवणूक रविवार कारंजाला उभ्या असलेल्या माणसाला आधी छातीत कळते, मग कानात. वळणाआडून ढोलाचा घुमारा अगोदर येतो, ताशाची कडकड पथक समोर आल्यावर. खर्जातला आवाज इमारतींना वळसा घालून पुढे सरकतो, बारीक आवाज भिंतीशी अडतो, एवढंच त्यामागचं कारण.

मला कोडं पडतं ते वेगळंच. ५० मीटर पसरलेल्या पथकात पुढच्या ताशाचा आवाज शेवटच्या ढोलापर्यंत पोचायला सेकंदाचा जवळपास सातवा भाग लागतो. सेकंदाला दोन ठोके पडत असतील, तर दोन ठोक्यांमधल्या अंतरातला जवळजवळ एकतृतीयांश वेळ वाटेतच गेला. त्यात ऐकून हात उचलायचा, टिपरू आपटायचं. ऐकल्यावर मारायचं ठरवलं, तर प्रत्येक ढोल उशिराच वाजेल. म्हणून वादक डोळ्यांनी पुढच्याचा हात पाहतो, आणि ठोका पडण्याआधीच त्याचा हात खाली येऊ लागतो. तो ऐकलेल्या ठोक्याला उत्तर देत नसतो. येणारा ठोका त्याला आधीच ठाऊक असतो.

मेंदूला स्वतःचीही लय आहे. जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून मेंदूतल्या विजेचे चढउतार पहिल्यांदा टिपले आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसात सेकंदाला ८ ते १२ वेळा उठणारी लाट त्यांना स्पष्ट दिसली. पुढे इतर लहरी सापडत गेल्या, आणि बाहेरच्या आवाजाशी यातल्या संथ लहरी पावलं जुळवतात असंही दिसू लागलं. बोलण्यातला आवाज सेकंदाला साधारण ४ ते ५ वेळा चढतो-उतरतो, म्हणजे जवळपास अक्षरागणिक एकदा; संगीतात हीच चाल २ वेळांच्या आसपास असते. ढोलाचा ठोका नेमका तिथेच पडतो.

आता ही मेंदूची मूळची लय आवाजाबरोबर खेचली जाते, की प्रत्येक ठोक्याला मेंदू नव्याने दचकतो आणि आपल्याला ती लय वाटते, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. मला तो वाद महत्त्वाचा वाटतो. पण नुसत्या दचकण्याने उलगडणार नाही असा एक प्रयोग आहे. सिल्वी नोझारादाँ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये लोकांना सेकंदाला २.४ वेळा पडणारा एकसारखा ठोका ऐकवला, आणि मनातल्या मनात दोन-दोनचे किंवा तीन-तीनचे गट करायला सांगितलं. आवाजात काहीच बदललं नाही. तरी दोनचे गट करताना मेंदूच्या नोंदीत १.२ची लय उमटली, तीनचे करताना ०.८ची. जी बाहेर वाजलीच नव्हती, ती आत वाजत होती.

तबला शिकणाऱ्याला याचं नवल वाटू नये. त्रितालाच्या १६ मात्रांत नवव्या मात्रेला आपण टाळी देत नाही, हात नुसता बाजूला नेतो. त्या जागेला खाली म्हणतो आणि तरी ती मोजतो. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येताना मैफलीतल्या माना डोलतात, त्या वाट पाहूनच. विलंबित एकतालात तर मात्रा कधीकधी चार-चार सेकंदांवर जाते. दोन सेकंदांपलीकडे गेलेलं अंतर माणसाला ठोका म्हणून जाणवणं फार कठीण; म्हणून तबलजी मधली जागा ‘तिरकिट’ने भरतो आणि ऐकणाऱ्याच्या हाती धागा राहतो. हे कुणी प्रयोगशाळेत शोधलं नाही, बैठकीत बसून कमावलं.

बैठकीबाहेरही हेच दिसतं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं आणि अखेरच्या वर्षांत ते या नाशकात येऊन राहिले. रामनामात रमलेल्या या गवयाने रागदारीची अवघड वाट माहीत असूनही रामधून सोपी ठेवली. कधी न शिकलेली शेकडो माणसं ती एका सुरात म्हणू शकतात, कारण पुढचा शब्द कुठे पडणार हे प्रत्येकाला आधीच उमगलेलं असतं.

नुसतं बसून ऐकतानाही मेंदूतले हालचालींचे भाग जागे होतात. पार्किन्सनने पाऊल अडखळणाऱ्या अनेकांना ठेक्यावर चालणं सोपं जातं ते याच धाग्याने. लय ही अशी अंगात उतरलेली असते.

मला काळजी वाटते ती आवाजाच्या पातळीची. आतल्या कानातल्या केसासारखे तंतू असलेल्या पेशी मोठ्या आवाजाने एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्या कमी झाल्या की माणूस म्हणतो, ‘ऐकू येतं, पण कळत नाही.’ गर्दीतून एकाच माणसाचं बोलणं निवडायचं तर मेंदूला त्याच्या अक्षरांची चाल पकडावी लागते, आणि ती चालच पुसट झालेली असते. ढोल जोरात वाजला म्हणून लय पक्की होत नाही. ठोक्यांमधली मोकळी जागा ऐकू आली तर होते. भिंतीएवढ्या स्पीकरांपुढे ती जागा उरत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२००९ मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ड्रमचा ठेका ऐकवला आणि मधूनच मुख्य ठोका गाळला. बाळांच्या मेंदूला ती चूक कळली. यंदा रविवार कारंजाला माझ्या शेजारी एक आई तान्हं घेऊन उभी होती. पथक जवळ आलं तसा तिने त्याचा एक कान छातीशी दाबला, दुसऱ्यावर तळवा ठेवला. दुसरा हात त्याच्या पाठीवर थोपटत होता, ढोलाच्याच ठेक्यात. पथक थांबलं, तरी तो हात थांबला नाही.