घरभाडं, दवाखान्यातली रांग आणि मांजराची गोष्ट

जुलै २०२४मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहराच्या सिटी मॅनेजरने वॉशिंग्टनला एक पत्र पाठवलं. सिटी मॅनेजर म्हणजे साधारण आपल्याकडचा पालिका आयुक्त. पत्र सिनेटच्या बँकिंग आणि गृहनिर्माण समितीच्या दोन प्रमुख सदस्यांच्या नावे होतं. त्यांतला एक डेमोक्रॅट, दुसरा रिपब्लिकन. शहरात हैतीहून आलेल्यांची संख्या काही वर्षांत झपाट्याने वाढली आहे, घरं कमी पडत आहेत, केंद्र सरकारने मदत करावी, असं त्यात म्हटलं होतं. पत्रात कुणावर आरोप नव्हता. एका अडचणीत आलेल्या शहराची ती सरळ विनंती होती.

अडचण कशी आली, तेही समजून घेण्यासारखं आहे. स्प्रिंगफील्ड हे एके काळचं कारखान्यांचं गाव. १९६०-७०च्या सुमारास तिथे ऐंशी हजारांवर वस्ती होती. कारखाने बंद पडत गेले तशी ती साठ हजारांच्या खाली आली. मग पालिकेने प्रयत्न करून नवे उद्योग आणले. त्यांना कामगार हवे होते, आणि जुन्या वस्तीत तेवढी माणसं उरली नव्हती. हैतीतल्या हिंसाचाराला कंटाळून अमेरिकेत आलेले, तात्पुरत्या संरक्षणाखाली कायदेशीरपणे राहणारे लोक तोंडी निरोपांवरून तिथे पोहोचले. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. बारा ते पंधरा हजार लोक आले असावेत, असा शहराचा अंदाज. कारखान्यांना हात मिळाले, ओस पडलेल्या गल्ल्यांत दिवे लागले. त्याचबरोबर घरभाडी चढली, आरोग्य केंद्रात ताटकळणं वाढलं, शाळांना इंग्रजी न येणाऱ्या मुलांसाठी दुभाषे आणि शिक्षक शोधावे लागले. वर्षानुवर्षं त्याच घरात भाड्याने राहिलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला मालकाने भाडं वाढवल्याचं सांगितलं, तर त्यांना वाटणारी भीती खरी असते. ती द्वेषातून आलेली असतेच असं नाही.

या पत्राची त्या वर्षीच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या प्रचारात म्हणावी तशी चर्चा झाली नाही. दोन महिन्यांनी मात्र स्प्रिंगफील्डचं नाव जगभर झालं. १० सप्टेंबरला फिलाडेल्फियात रिपब्लिकन उमेदवार डोनाल्ड ट्रम्प आणि डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस यांची वादचर्चा झाली. सुमारे ६ कोटी ७० लाख लोक ती पाहत होते. तिथे ट्रम्प यांनी सांगितलं, की स्प्रिंगफील्डमध्ये आलेले स्थलांतरित लोकांची कुत्री-मांजरं खात आहेत. एबीसी वाहिनीचे सूत्रसंचालक डेव्हिड म्युर यांनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली: सिटी मॅनेजरकडे विचारणा केली, अशा तक्रारींना विश्वासार्ह आधार नाही. कंड्या पिकल्या होत्या त्या फेसबुकवरच्या एका नोंदीतून. लिहिणाऱ्या बाईंनी शेजाऱ्यांकडून ऐकलेलं, शेजाऱ्यांनी आणखी कुणाकडून. पुढे त्यांना आपल्या लिहिण्याचा पश्चात्ताप झाला. दुसऱ्या एका बाईंनी मांजर हरवल्याची तक्रार पोलिसांत दिली होती. ते मांजर घराच्या तळघरात सुखरूप सापडलं आणि त्यांनी हैतीयन शेजाऱ्यांची माफी मागितली.

तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. काही दिवसांत शहराला बॉम्बच्या तीसहून अधिक धमक्या आल्या. सगळ्या खोट्या, पण त्यांच्यामुळे शाळा रिकाम्या कराव्या लागत होत्या. रिपब्लिकन गव्हर्नर माइक डिवाइन यांनी शाळांच्या दारात राज्याचे पोलीस उभे केले. डिवाइन स्प्रिंगफील्डमध्येच जन्मलेले. आपल्याच पक्षाचा उमेदवार चुकीचं बोलतो आहे, हैतीचे लोक इथे कायदेशीरपणे आले आहेत आणि कष्ट करत आहेत, असं त्यांनी लेख लिहून सांगितलं. या साऱ्या प्रकरणात धैर्याने वागलेल्या थोड्या राजकारण्यांत त्यांचं नाव घ्यावं लागेल.

वादचर्चेच्याच दिवशी स्प्रिंगफील्डच्या नगर आयोगापुढे एक बाप बोलायला उभा राहिला. वर्षभरापूर्वी, ऑगस्ट २०२३मध्ये, हैतीहून आलेल्या एका चालकाची गाडी शाळेच्या बसला धडकली होती आणि त्या अपघातात या बापाचा अकरा वर्षांचा मुलगा गेला होता. प्रचारात त्या मुलाचं नाव वारंवार घेतलं जात होतं, त्याचा खून झाल्यासारखं सांगितलं जात होतं. तो अपघात होता, माझ्या मुलाचा मृत्यू तुमच्या द्वेषासाठी वापरू नका, असं त्याने कळवळून सांगितलं. त्या निवडणुकीत इतकं सच्चं दुसरं भाषण झालं असेल, असं वाटत नाही.

पाच दिवसांनी रिपब्लिकन पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स सीएनएनवर आले. लोकांच्या हालांकडे माध्यमांनी लक्ष द्यावं म्हणून गोष्टी रचाव्या लागल्या तर आपण त्या रचू, अशा आशयाचं ते बोलले. त्यावर गदारोळ झाला, आणि तो योग्यच होता. हजारो निरपराध माणसांना भीतीच्या छायेत ढकलणारी गोष्ट कुठल्याही हेतूने क्षम्य ठरत नाही. पण व्हान्स यांच्या बोलण्यातली एक बाजू माध्यमांनी स्वतःशी तपासायला हवी होती. घरांच्या टंचाईचं पत्र जुलैत गेलं होतं. कॅमेरे सप्टेंबरात आले, आणि आले ते मांजरांचा शोध घ्यायला. अनेक बातमीदारांनी नेटाने काम केलं. स्थानिक ‘स्प्रिंगफील्ड न्यूज-सन’ने पोलिसांना विचारून वादचर्चेच्या आदल्याच दिवशी अफवा खोडून काढली होती. काहींनी भाडी, शाळा, दवाखाने यांवरही लिहिलं. पडद्यावरचा वेळ मात्र खरं-खोटं करण्यातच गेला. खोटं खोडलं गेलं, पण त्या खोट्याखाली दडलेली खरी चिंता कुणाच्याच प्रश्नात आली नाही. भाडं किती वाढलं, का वाढलं, ते कमी करायला दोन्ही उमेदवार काय करणार, हे साडेसहा कोटींहून अधिक प्रेक्षकांसमोर विचारलंच गेलं नाही.

अमेरिकी निवडणुकांचा इतिहास पाहिला, तर ही अदलाबदल पुन्हा पुन्हा दिसते. मतदाराच्या मनातली चिंता बहुतेक वेळा रोजच्या जगण्यातली, गुंतागुंतीची, चेहरा नसलेली असते. प्रचाराला आणि वाहिन्यांना चेहरा लागतो. मग कुणीतरी तो पुरवतं.

१९८८ची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स या छोट्या शहरातल्या ‘ईगल-ट्रिब्यून’ या दैनिकाने राज्याच्या तुरुंगांतल्या संचित रजेच्या योजनेचा पाठपुरावा केला. जन्मठेपेच्या, सुटकेची आशा नसलेल्या कैद्यांनाही काही काळ बाहेर सोडलं जात होतं. विली हॉर्टन हा खुनाच्या गुन्ह्यातला कैदी १९८६मध्ये असा बाहेर पडला तो परतलाच नाही, आणि पुढच्या वर्षी मेरीलँडमध्ये त्याने एका जोडप्यावर भयंकर अत्याचार केले. योजनेत दोष होते. ते दाखवणाऱ्या वृत्तमालिकेला १९८८चं पुलित्झर मिळालं. पत्रकारितेने करायचं काम ते हेच.

त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार होते. उन्हाळ्यात एका चाचणीत ते रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज बुश (थोरले) यांच्या १७ टक्के पुढे होते. मग बुश यांच्या बाजूच्या एका गटाने हॉर्टनचा पोलिसांनी काढलेला फोटो जाहिरातीत वापरला. हॉर्टन कृष्णवर्णीय, अत्याचार झालेलं जोडपं गोरं. ही रजेची योजना १९७२मध्ये, रिपब्लिकन गव्हर्नरच्या काळात सुरू झाली होती. केंद्राच्या तुरुंगांतही रजा मिळत होती. जाहिरातीत यातलं काही नव्हतं. होता तो फक्त एक चेहरा. बुश यांच्या प्रचारयंत्रणेने स्वतः काढलेल्या जाहिरातीत हॉर्टनचं नाव नव्हतं. फिरत्या दारातून आत जाऊन लगेच बाहेर पडणारे कैदी तेवढे दिसत होते. पण प्रेक्षकांच्या मनात दोन्ही जाहिराती आणि बातम्या मिळून एकच कहाणी तयार झाली. संशोधक कॅथलीन हॉल जेमिसन यांनी मतदारांशी बोलून हे नोंदवून ठेवलं आहे. फोटोची जाहिरात थोडाच काळ केबलवर चालली. तिला घरोघर नेलं ते वृत्तवाहिन्यांनी, ‘वादग्रस्त जाहिरात’ म्हणून पुन्हा पुन्हा दाखवून. १९६४मध्ये लिंडन जॉन्सन यांच्या बाजूने निघालेली, फुलाच्या पाकळ्या मोजणारी मुलगी आणि मागोमाग अणुस्फोट दाखवणारी जाहिरातही पैसे मोजून एकदाच लागली होती. बाकीचं काम बातम्यांनी केलं.

बुश यांचे प्रचारप्रमुख ली ॲटवॉटर यांनी १९९१मध्ये, कर्करोगाने मृत्यूशय्येवर असताना, डुकाकिस यांच्याशी आपण निर्दयपणे वागलो अशी जाहीर कबुली दिली. तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या माणसाला सुधारण्याची संधी कशी आणि किती द्यावी, हा लॉरेन्सच्या दैनिकाने उभा केलेला प्रश्न तोवर प्रचारातून पार पुसला गेला होता.

त्याच काळात आणखी एक बदल झाला. माध्यमांचे अभ्यासक डॅनियल हॅलिन यांनी टीव्हीवरच्या संध्याकाळच्या बातम्या मोजून पाहिल्या. १९६८मध्ये निवडणुकीच्या बातमीत बोलणाऱ्याचा आवाज सलग सरासरी ४३ सेकंद ऐकू येत असे. १९८८मध्ये ९ सेकंद. नऊ सेकंदांत घरभाड्यावर काय बोलता येईल? घोषणा देता येते, किंवा कुणाकडे तरी बोट दाखवता येतं. बाकीचा वेळ बोलण्याचा अर्थ लावणाऱ्यांना मिळतो, आणि त्यांचा आवडता विषय असतो कोण पुढे आणि कोण मागे. २०१६च्या बातम्यांचा हार्वर्डच्या शोरेनस्टीन केंद्राने अभ्यास केला, तेव्हा उमेदवारांच्या धोरणांना वाहिलेला वाटा जेमतेम १० टक्के निघाला. त्याच निवडणुकीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मतदानाच्या तोंडावर सहा दिवसांत हिलरी क्लिंटन यांच्या ईमेलवर पहिल्या पानावर जेवढ्या बातम्या दिल्या, तेवढ्याच सगळ्या धोरणांवर मिळून मतदानाआधीच्या ६९ दिवसांत दिल्या होत्या. अमेरिकेतलं सर्वांत प्रतिष्ठित दैनिक असं वागतं, तेव्हा दोष फक्त समाजमाध्यमांवर ढकलणं पटत नाही.

महागाईच्या बाबतीत २०२४मध्ये झालेली चूक वेगळी आणि अधिक सूक्ष्म होती. जून २०२२मध्ये अमेरिकेत महागाईचा दर ९.१ टक्के होता, चाळीस वर्षांतला सर्वाधिक. सप्टेंबर २०२४पर्यंत तो २.४ टक्क्यांवर आला होता, बेरोजगारीही कमी होती. तरी मतदानोत्तर चाचणीत सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी अर्थव्यवस्था वाईट असल्याचं सांगितलं. निवडणुकीआधी कितीतरी लेखांचा आणि चर्चांचा सूर असा होता, की अर्थव्यवस्था उत्तम आहे, लोकांचा मूडच बरा नाही. हा सूर मतदारावर अन्याय करणारा होता. दर खाली आला म्हणजे भाव खाली आले असं नव्हे. भाववाढीचा वेग तेवढा मंदावला. २०२१च्या सुरुवातीच्या तुलनेत किमती सुमारे २० टक्क्यांनी वरच होत्या. शिवाय घरकर्जाचा व्याजदर तेव्हा तीन टक्क्यांच्या आत होता, तो ऑक्टोबर २०२३मध्ये पावणेआठ टक्क्यांच्या घरात गेला. म्हणजे त्याच घराचा मासिक हप्ता कितीतरी जड झाला. आणि अमेरिकेच्या ग्राहक किंमत निर्देशांकात १९८०च्या दशकातल्या बदलापासून घरकर्जाचं व्याज धरलंच जात नाही! ज्या तक्त्यावर बोट ठेवून तज्ज्ञ मतदाराला समजावत होते, त्या तक्त्यात घर घेणाऱ्याचा हा वाढलेला खर्च नव्हता. पगारही वाढले होते हे खरं, पण घर घ्यायला निघालेल्या तरुण जोडप्याचं गणित बँकेत जाऊन चुकत होतं, आणि ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

याचा अर्थ मतदाराची प्रत्येक भीती वस्तुस्थितीला धरून असते, असा नाही. गुन्हेगारीचं उदाहरण उलट्या दिशेचं आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून अमेरिकेतल्या हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. तरी जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप संस्थेच्या पाहणीत जवळजवळ दर वर्षी बहुसंख्य लोक देशात गुन्हे वाढल्याचं सांगतात. आपल्या स्वतःच्या परिसराबद्दल विचारलं, की तीच माणसं बरीच कमी चिंता दाखवतात. माणसाला आपली गल्ली दिसते. देश त्याला पडद्यावरून कळतो. अनुभवातून आलेली चिंता बहुधा खऱ्याच्या जवळ जाते, आणि दुरून आलेली चिंता ती पुरवणाऱ्याच्या सोयीने आकार घेते. प्रचारकाळात या दोन्हींची सरमिसळ होते. भाड्याने गांजलेल्या माणसाला सांगितलं जातं, की तुझा त्रास खरा आहे आणि त्याचं कारण हा अमुक चेहरा. पहिला भाग खरा असल्यामुळे दुसराही त्याला पटतो. दुसरी बाजू मग दोन्ही भाग एकत्रच नाकारते, आणि तो माणूस आणखी दुरावतो.

हे थांबवणं अवघड झालं आहे, कारण गल्लीची बातमी देणारे कमी झाले. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या मेडिल पत्रकारिता संस्थेच्या पाहणीनुसार २००५पासून अमेरिकेतली एक तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रं बंद पडली. दोनशेहून अधिक काउंटींत स्थानिक बातम्यांचं एकही साधन उरलेलं नाही. तिथल्या पालिकेच्या बैठकीत कोण बसणार? भाडेवाढीची बातमी कुणी दिलीच नाही, तर त्या जागी फेसबुकवरचं शेजाऱ्याच्या शेजाऱ्याचं ऐकीव येऊन बसतं.

तरीही वेगळं करून पाहणारे होते, आणि तेही याच अमेरिकेत. १९८८च्या प्रचाराने अस्वस्थ झालेल्या काही संपादकांनी पुढच्या वेळी रीत बदलायचं ठरवलं. १९९२च्या निवडणुकीत नॉर्थ कॅरोलायनातल्या ‘शार्लट ऑब्झर्व्हर’ने पत्रकारितेचं प्रशिक्षण देणाऱ्या पॉइंटर संस्थेच्या साथीने आपल्या भागातल्या सुमारे हजार रहिवाशांना विचारलं, तुम्हाला कशाची काळजी वाटते? त्या उत्तरांतून विषयांची यादी केली आणि वर्षभराचं वार्तांकन त्या यादीवर बेतलं. कोण पुढे कोण मागे, याला जागा कमी दिली. उमेदवारांना विचारायचे प्रश्न वाचकांकडून मागवले. वाचकांना पर्यावरणाविषयी उत्तरं हवी होती. सिनेटर टेरी सँफर्ड यांनी संपादक रिच ओपेल यांना कळवलं, की त्या विषयावर आपण प्रचाराच्या पुढच्या टप्प्यात बोलणार आहोत, आत्ता नाही. ओपेल यांनी उत्तर दिलं, की मतदारांना ते आत्ताच जाणून घ्यायचं आहे. तुमच्या नावाखालची जागा आम्ही कोरी सोडून छापू. काही दिवसांतच सँफर्ड यांचं उत्तर दैनिकाच्या कचेरीत पोहोचलं.