‘पुरे’ म्हणण्याचे बळ



१९३० साली, जागतिक मंदीच्या काळात, ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी एक भाकीत केले. शंभर वर्षांत प्रगत देशांचे राहणीमान चार ते आठ पटींनी उंचावेल आणि माणसाला आठवड्यातून पंधरा तासांचे काम पुरेल, असे त्यांना वाटत होते. संपत्तीचे भाकीत खरे ठरले, निवांतपणाचे मात्र ठरले नाही. त्याच ब्रिटनला २०१८ मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमावा लागला.

हिशोब कोठे चुकला? उत्पादन वाढले, पण ‘पुरे’ कोठे म्हणायचे हे ठरलेच नाही. कालची चैन आज गरज झाली. पाश्चात्त्य समाजाचे भवितव्य याच एका शब्दाशी अडले आहे. आणि आपण त्याच वाटेवर चाललो आहोत, म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

आपल्याकडे तो फार पूर्वी विचारला गेला. २२ डिसेंबर १९१६ रोजी अलाहाबादच्या म्योर कॉलेजमध्ये गांधीजी बोलले. विषय होता, आर्थिक प्रगती आणि खरी प्रगती यांत विरोध आहे काय? त्यांनी दारिद्र्याचे गोडवे गायले नाहीत. घोर दारिद्र्य माणसाला खालीच नेते, हे त्यांनी मान्य केले. मात्र भौतिक वाढ अमर्याद झाली की नीतीही आपोआप वाढते, हे त्यांनी मानले नाही.

काही दिवसांतच ते काँग्रेसच्या अधिवेशनासाठी लखनौला पोहोचले. लोकमान्य टिळकही तेथे होते. हे अधिवेशन लखनौ करारासाठी आपल्याला माहीत असते. पण तेथेच चंपारणचे शेतकरी राजकुमार शुक्ल गांधीजींना भेटले. जमिनीच्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत मळेवाल्या साहेबांसाठी नीळ पिकवण्याची सक्ती त्यांच्या भागात होती. गांधीजींना तोवर चंपारणचे नावही ठाऊक नव्हते. व्याख्यानातला प्रश्न आता माणसाच्या रूपाने समोर उभा होता. शुक्लांनी पिच्छा सोडला नाही. १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले आणि १९१८ च्या कायद्याने ती सक्ती संपली.

निळीने रंगलेले कापड दूरदेशी ज्यांनी वापरले, त्यांना तो शेतकरी कधी दिसला नाही. समृद्धीचा हाच दोष आहे. वस्तू दिसते, तिची खरी किंमत चुकवणारा दिसत नाही.

संपत्ती वाईट नाही. मुलांचे शिक्षण, आजारपणातील औषध, दारी आलेल्याला घासभर अन्न, यांसाठी ती हवीच. पण पुढची खरेदी करण्यापूर्वी क्षणभर थांबून मनाला दोन प्रश्न विचारा. ही माझी गरज आहे, की शेजाऱ्याशी तुलना? आणि याची किंमत माझ्याखेरीज आणखी कोण चुकवत आहे?

उत्तर प्रामाणिक असेल, तर ‘पुरे’ हा शब्द आपोआप ओठांवर येईल. त्यात वंचना नाही. खऱ्या समृद्धीची सुरुवात तेथेच आहे.