तेरा हजार रुपये आणि पस्तीस टक्के

1915 साली अहमदाबादजवळील कोचरब येथील आश्रमात गांधींनी दूदाभाई, दानीबहेन आणि त्यांची लहानगी लक्ष्मी या अस्पृश्य कुटुंबाला प्रवेश दिला, तेव्हा आश्रमाला मिळणारे आर्थिक साहाय्य आटले. पुढच्या महिन्याच्या खर्चापुरतेही पैसे शिल्लक नाहीत, असे मगनलाल गांधींनी सांगितले, त्यावर अंत्यजांच्या वस्तीत राहावयास जाऊ, हे गांधींचे उत्तर होते. थोड्याच दिवसांत एक शेठ मोटारीतून आश्रमाच्या दाराशी आले. काही मदत करावयाची आहे, ती स्वीकाराल का, असे विचारून गेले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले आणि तेरा हजार रुपयांच्या नोटा गांधींच्या हाती ठेवून, आत पाऊलही न टाकता, निघून गेले. आत्मकथेत त्यांचे नाव नाही. ते गिरणीमालक अंबालाल साराभाई होते, हे पुढे सर्वांना कळले. वर्षभराची विवंचना त्या रकमेने मिटली. जून 1916 मध्ये तरुण विनोबा ज्या आश्रमात दाखल झाले, त्याची चूल या पैशावर पेटती राहिली होती.

अडीच वर्षांनंतर हेच दोघे परस्परांसमोर उभे राहिले. प्लेगच्या साथीत कामगारांनी शहर सोडू नये म्हणून 1917 मध्ये गिरण्यांनी भरघोस बोनस दिला होता. साथ ओसरताच तो काढून घेण्याचे ठरले. महागाई मात्र ओसरली नव्हती. कामगारांनी पगारात पन्नास टक्के वाढ मागितली, मालक वीस टक्क्यांवर अडून राहिले, आणि गांधींनी चौकशीअंती पस्तीस हा आकडा न्याय्य ठरवला. 22 फेब्रुवारी 1918 रोजी टाळेबंदी सुरू झाली. मालकांचे नेतृत्व अंबालाल साराभाईंकडे होते, तर मजुरांच्या बाजूने त्यांची थोरली बहीण अनसूयाबेन उभ्या होत्या. साबरमतीच्या काठी बाभळीखाली रोज सभा भरत. मजुरांचा धीर सुटू लागला, तेव्हा गांधींनी उपोषण आरंभले आणि तीन दिवसांत तडजोड झाली: पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, दुसऱ्या दिवशी वीस, त्यानंतर पंचाचा निर्णय होईपर्यंत साडेसत्तावीस. पंच आनंदशंकर ध्रुव यांनी पुढे पस्तीस टक्क्यांचाच निवाडा दिला.

या दोन घटना सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत वाचल्या जातात. त्या एकत्र ठेवल्या म्हणजे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्याचे अन्न खाल्ले त्याच्याविरुद्ध उभे राहण्याचा अधिकार घेणाऱ्याला उरतो काय? लोकव्यवहाराचे उत्तर स्पष्ट आहे: खाल्ल्या मिठाला जागावे. परंतु सार्वजनिक कार्यकर्ता जे मीठ खातो ते तिसऱ्याच कोणाच्या नावाने आलेले असते. दाता आणि संस्था यांच्यामध्ये ज्या दरिद्री माणसाचे नाव घेतले जाते तो त्या व्यवहारात सही करीत नाही. मग इमान कोणाशी राखावयाचे?

धर्मशास्त्रकारांना या संकटाची जाणीव होती. दानाइतकाच त्यांनी प्रतिग्रहाचा, म्हणजे दान स्वीकारण्याच्या कृतीचा, विचार केला आणि त्याने घेणाऱ्याचे तेज उणावते असे म्हटले. कोणाकडून घेऊ नये याच्या त्यांनी केलेल्या याद्या जातिद्वेषाने बरबटलेल्या आहेत, त्या टाकूनच द्याव्या लागतील. पण यादी टाकली तरी मूळ शंका उरते. आधुनिक परोपकाराच्या वाङ्मयात ही शंका जवळपास नाहीशी झाली आहे. तेथे पात्रता तपासली जाते ती केवळ घेणाऱ्याची.

गांधींनी धनिकाला विश्वस्त म्हटले. संपत्ती समाजाची, धनिक केवळ तिचा राखणदार. डॉ. आंबेडकरांना ही कल्पना मुळीच मान्य नव्हती, आणि 1945 साली त्यांनी तिच्यावर कठोर टीका केली. या टीकेचे बळ आजही कमी झालेले नाही, कारण विश्वस्ताला जाब विचारणारा कोणीतरी असावा लागतो आणि धनिकाच्या बाबतीत तो कोण हे त्या कल्पनेतून ठरत नाही. अहमदाबादेत तो जाब कामगारांनी विचारला. अर्थात गांधींना त्यातही एक व्यंग दिसले. मालकांशी आपले निकटचे स्नेहसंबंध होते, त्यामुळे आपल्या उपोषणाचे दडपण त्यांच्यावर पडल्यावाचून राहिले नाही, अशी कबुली त्यांनी दिली आहे. ऋणाचा धागा असा दोन्ही बाजूंनी ताणला जातो. इथे तो घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याच्या गळ्याला अधिक काचला.

स्वतंत्र भारताने हा प्रश्न कायद्याकडे सोपवला. 2013 च्या कंपनी अधिनियमाच्या कलम 135 नुसार, ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य पाचशे कोटी, किंवा उलाढाल हजार कोटी, किंवा निव्वळ नफा पाच कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च करावयाची आहे, आणि त्यात आपल्या कार्यक्षेत्रातील स्थानिक प्रदेशाला अग्रक्रम द्यावयाचा आहे. ही तरतूद 1 एप्रिल 2014 पासून लागू झाली. त्यामुळे गावोगावच्या लहान संस्था आणि मोठे उद्योग प्रथमच नियमाने एका मेजाशी बसले. यात लाभ नाही असे म्हणणे कोतेपणाचे होईल. कोणती वस्तू किती खर्चात बनते आणि कोठे विकते हे उद्योजकाला ठाऊक असते. योजना आली तरी गावातले कोणते घर तिच्याबाहेर राहील, हे स्थानिक कार्यकर्त्याला. दारिद्र्य हटवण्यास ही दोन्ही ज्ञाने लागतात.

तथापि त्या तेरा हजारांना मुदत नव्हती, प्रकल्प-आराखडा नव्हता, छायाचित्र नव्हते. आजची देणगी बहुधा प्रकल्पापुरती असते, आणि पुढचा हप्ता अहवालावर अवलंबून. शिवाय केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी केलेला खर्च या दोन टक्क्यांत धरला जात नाही. नियम योग्यच आहे. नाहीतर पगारही परोपकाराच्या खात्यावर चढले असते. पण त्यामुळे नफा कसा मिळाला हा प्रश्न एका वहीत आणि तो कसा वाटला हा दुसऱ्या वहीत राहतो. एखादी संस्था कारखान्याच्या पैशाने शेजारच्या गावात दवाखाना चालवते, आणि तिथे येणारे रोगी त्याच कारखान्याचे कंत्राटी मजूर निघतात, असे समजा. त्यांच्या कुपोषणाची नोंद अहवालात जाईल. मजुरीच्या दराची जाईल काय? कोणी मनाई केलेली नसते. लिहिणाराच ते वाक्य खोडतो, कारण पाच सहकाऱ्यांचे पगार त्यावर अवलंबून असतात, आणि त्याला भ्याड म्हणणे सोपे असले तरी न्याय्य नाही.

अहमदाबादनेच या पेचाचे आणखी एक उत्तर पाहिले. 1918 च्या लढ्यातून 1920 साली मजूर महाजन संघ उभा राहिला, आणि त्याच्या महिला शाखेतून 1972 मध्ये इला भट्ट यांच्या नेतृत्वाखाली ‘सेवा’ ही असंघटित कष्टकरी स्त्रियांची संघटना जन्मली. भाजीवाल्या, हातगाडी ओढणाऱ्या, चिंध्या गोळा करणाऱ्या या स्त्रियांनी 1974 मध्ये स्वतःची सहकारी बँक काढली. चार हजार जणींनी प्रत्येकी दहा रुपये घातले. चाळीस हजार रुपयांची ती पुंजी कोणाही शेठच्या मानाने क्षुल्लकच होती. 1981 मध्ये गुजरातेत राखीव जागांविरुद्ध दंगली उसळल्या, तेव्हा ‘सेवा’ने दलितांची बाजू घेतली आणि मातृसंस्थेने तिला बाहेर काढले. बँक मात्र त्या स्त्रियांच्या स्वतःच्या नावावर होती, आणि ती चालू राहिली.